थांबण्याची शिट्टी

ड्युनेडिन, जुलै. बाहेर बंदरावर करडी थंडी,
आणि माझ्या पडद्यावर मर्डो गॅलब्रेथ आठशे वेळा आजारी.

खरा मर्डो एकच. एकाहत्तर वर्षांचा,
रॅनफर्लीकडच्या माळांवर जन्मभर मेंढ्या कातरलेला,
उन्हाने रापून चामड्यासारखी झालेली मान
आणि डाव्या कानामागे एक तीळ,
जो तीळ राहिला नाही.

त्याचं माझ्यापाशी काय आहे?
तीन स्कॅन, काचपट्टीवर एक पातळ काप,
रक्तातल्या पेशींची मोजदाद.
बाकी सगळं अंदाजाने भरलेलं:
गाठीतली पेशी किती दिवसांत दुभंगते,
शिपाई पेशी कितीजणींना मारून दमते,
दमली की किती काळ नुसती उभी राहते.
सतरा आकडे. एकेकाला जरा इकडे, जरा तिकडे ढकललं
की नवा मर्डो तयार.
रात्रभर पंखे घुमतात. सकाळी मी मोजते:
तीनशे बारा वाचले.
पण मार्चच्या स्कॅनशी जुळणारे त्यांतले
नऊ.

मंगळवारी तो सलाईन संपवून वर आला,
मनगटावर अजून चिकटपट्टी.
"माझे किती राहिले, नायरी?"
फाटकाशी उभं राहून कळप मोजावा तसा.

मी सांगू लागले: पेशीच्या अंगावर एक खटका असतो,
गाठ तो दाबते, पेशी गप्प होते...
त्याने हात वर केला.
"कुत्र्याला थांबवायची एक शिट्टी असते, पोरी.
लांब, खाली उतरत जाणारी.
ही गाठ ती शिट्टी शिकलीय.
ब्रॅकनला कुणीही तशी वाजवली असती, तर तो बसला असता.
शहाणं कुत्रंच फसतं."

आणि औषध?
"कानात लोकर कोंबायची," म्हणाला, आणि हसता हसता खोकला.
मग हात पोटाकडे गेला.
मागच्या खेपेला त्याचंच आतडं सुजून महिना गेला होता,
कुंपणानेच शेत खावं तसं.
बहिरं कुत्रं घरचं मेंढरूही फाडतं,
हे मला त्याला सांगावं लागलं नाही.

तो बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला.
"तुझी कुत्री आभाळातून पडतात का?"
"म्हणजे?"
"सगळीकडे सारखीच दिसतायत.
आमच्याकडे ती फाटकातून येत.
फाटक मोडलं असलं, की बाहेरच भुंकत बसत."

तीन वर्षं.
तीन वर्षं मी पेशी चाळणीतून साखर भुरभुरावी तशा टाकत होते.

त्या रात्री काचपट्टीवरच्या रक्तवाहिन्या
एकेक करून गिरवल्या. वाकड्या, चेपलेल्या,
काही मध्येच बुजलेल्या.
पहाटे चारला जुळणारे मर्डो: एकशे चाळीस.
आणि मी महिनाभर ज्यावर भांडत होते
तो दोन आठवड्यांचा की सहा आठवड्यांचा प्रश्न
फारसा उरलाच नव्हता.
मॉडेल म्हणत होतं, आधी फाटक उघडा.

यावरून उद्या कुणी त्याचं औषध बदलणार नाही.
आधी उंदीर, मग समित्या, मग वर्षं.
हेही सांगितलं.
तो टोपी घालत होता.
"लोकर कातरली ती काय मी एकट्याने पांघरली?"

आता कोडमध्ये दोनशे चौदाव्या ओळीत
एका चलाचं नाव ब्रॅकन आहे.
सहकारी म्हणतात, अर्थपूर्ण नाव दे.
बघू.

त्या एकशे चाळिसांतला एक मात्र त्याने पुन्हा पुन्हा चालवून बघितला.
त्यात गाठ जात नाही. वाढतही नाही.
मसुराएवढी राहते, आणि तिच्याभोवती
ठिपके बसून असतात, सहा वर्षं,
कुणी झोपत नाही, कुणी झडप घालत नाही.
"असंच असतं माळावर रात्री," म्हणाला.

स्कॅन गुरुवारी आहे.